डागकामाचा कोपरा : फेरीबोटीची पुटपुट

प्रश्न : काका, मी चोडणला राहतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गावच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. दिवाळीच्या सुट्टीत ओव्हरड्राइव्ह आणि फझ (गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारी दोन सर्किटं) असे दोन्ही एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात बसवून पेडल तयार केलं. ओव्हरड्राइव्ह ४५५८ आयसीवाला, त्या प्रसिद्ध हिरव्या पेडलच्या धर्तीचा. त्यात ०.०४७ च्या जागी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला, आणि डायोड एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दोन लावले. फझ दोन ट्रान्झिस्टरचा, आजोबांच्या जुन्या रेडिओतून काढलेल्या एसी१२८ वर. दोन्ही एकाच ९ व्होल्टच्या बॅटरीवर. गिटार आधी ओव्हरड्राइव्हमध्ये जाते, मग फझमध्ये. एकेक चालू केला तर बरा वाजतो. दोन्ही एकदम चालू केले की तारेला हात न लावताच पुट-पुट-पुट असा आवाज येतो, थेट आमच्या फेरीबोटीच्या इंजिनासारखा. शिवाय कार्निव्हलच्या मिरवणुकीत ट्रकवर वाजवत होतो, तर दुपारी चारच्या सुमारास फझ आचके देत मेला आणि रात्री घरी आणल्यावर पुन्हा ठणठणीत! मित्र म्हणतात आयसी बदल. काय करू?
(एक वाचक, चोडण)

उत्तर : आयसी बदलू नकोस. त्या बिचाऱ्याचा यात काडीचाही दोष नाही.

पत्रातली फेरीबोट वाचून मला हसू आलं, कारण आम्ही रेडिओवाले या आवाजाला खरोखरच ‘मोटरबोटिंग’ म्हणतो. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत फिल्टरचा कंडेन्सर सुकला की स्पीकरमधून हाच आवाज यायचा. (तुम्ही मुलं कपॅसिटर म्हणता, आम्ही कंडेन्सर. वस्तू तीच.) पण तुझ्या डब्यात एक नाही, तीन वेगवेगळी दुखणी आहेत, आणि तू त्यांना एकच समजतोयस. म्हणून आयसीवर संशय.

पुटपुटीपासून सुरुवात करू. एसी१२८ हा पीएनपी, म्हणजे त्याला व्होल्टेज उलट्या दिशेने लागतं. अशा फझच्या मूळ सर्किटात बॅटरीचं अधिक टोक डब्याला जोडलेलं असायचं. तुझा ओव्हरड्राइव्ह बरोब्बर उलटा, त्याचं उणे टोक डब्याला. दोघांना एका बॅटरीवर नांदवायचं म्हणून तू फझ उलटा टांगला असणार, एमिटरची बाजू अधिक तारेला आणि कलेक्टरची बाजू डब्याला (बेस, एमिटर आणि कलेक्टर हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय). तू तसं लिहिलेलं नाहीस, पण तसं केलं नसतंस तर बॅटरी सरळ शॉर्ट झाली असती आणि पत्र वेगळंच आलं असतं. उलटं टांगलेलं चालतं, पण त्यात एक खोच आहे. गिटारचा सिग्नल डब्याच्या हिशेबाने आत येतो, आणि ट्रान्झिस्टर मात्र अधिक तारेच्या हिशेबाने काम करतो. मग सिग्नलला आपला फेरा पुरा करायला बॅटरीच्या पोटातून जावं लागतं. बॅटरी कोरी असेतो तो सुखाने जातो. ती थकली की तिचा आतला रेझिस्टन्स वाढतो, आणि मग ओव्हरड्राइव्हने करंट ओढला की अधिक तारेचं व्होल्टेज किंचित हलतं. तार हलली की फझला वाटतं गिटारच वाजली. तो ओरडतो, तार पुन्हा हलते, त्यासरशी ओव्हरड्राइव्हचा साडेचार व्होल्टचा आधार डळमळतो आणि तो परत फझला ढोसतो. गच्चीवर एकच टाकी असली आणि शेजाऱ्याने फ्लश ओढला की आपल्या शॉवरची धार बारीक होते, तसलाच प्रकार. फक्त इथे शेजारी आणि तू एकमेकांना आळीपाळीने चिडवत बसता, सेकंदाला पाच-सात वेळा. तीच पुटपुट.

उपाय स्वस्त आहे. दोघांना वेगळा नळ दे. बॅटरीच्या अधिक टोकापासून फझकडे जाणाऱ्या तारेत १०० ओहमचा रेझिस्टन्स घाल आणि त्याच्या पुढे, अगदी फझच्या पट्टीवरच, अधिक आणि डबा यांच्यामध्ये १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लाव. त्याच्या जोडीला ०.१ चा एक छोटा. ओव्हरड्राइव्हलाही स्वतःचे १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरड वेगळे. फझ जेमतेम एक मिलीअँपिअर ओढतो, म्हणजे त्या १०० ओहमवर त्याचा ०.१ व्होल्टही नीट पडत नाही. काही बिघडणार नाही. कंडेन्सर मात्र बॅटरीच्या क्लिपपाशी लावून मोकळा होऊ नकोस. तारेच्या पलीकडच्या टोकाला लावलेला कंडेन्सर बाजारात ठेवलेल्या छत्रीसारखा, पाऊस आपल्या डोक्यावरच पडतो.

एवढं करूनही पुटपुट राहिली तर फझसाठी उणे ९ व्होल्ट तयार करणारा छोटा आयसी मिळतो, ७६६० च्या घराण्यातला. मग फझ सरळ उभा राहतो, उलटं टांगायची गरजच नाही. त्यातला ‘एस’ अक्षरवाला घे आणि त्याची १ नंबरची पिन अधिकला जोड. नाहीतर तो १० किलोहर्ट्‌झच्या आसपास शिट्टी घालतो, आणि तुझ्या वयाच्या कानांना ती चांगलीच ऐकू येईल. मला आता येत नाही, हा भाग वेगळा.

पीएनपी फझ आणि सामाईक अ‍ॅडॅप्टर हे लफडं माझ्याही अंगाशी आलेलं आहे. फोंड्यात वरच्या बाजारात माझं दुकान होतं तेव्हा लग्नाच्या बँडमधला एक गिटारवाला सकाळी सकाळी पेडल घेऊन आला. बॅटरीचा खर्च परवडत नाही, अ‍ॅडॅप्टरचं भोक पाडून द्या म्हणाला. मी पाडून दिलं. वेगळा अ‍ॅडॅप्टर लावून तपासलं, झकास वाजलं. त्याने मांडवात जाऊन ते बाकीच्या पेडलांबरोबर एकाच अ‍ॅडॅप्टरला जोडलं. गिटारच्या केबलीतून डबे एकमेकांना जोडले गेले, एकाचा डबा अधिक, दुसऱ्याचा उणे. नवरी यायच्या आधी अ‍ॅडॅप्टरचा धूर निघाला. त्याने मला बोल लावला, आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकलं नव्हतं. भोकाशेजारी दोन शब्द लिहून चिकटवायला मला काय झालं होतं?

दुसरं दुखणं तू अजून ओळखलेलं नाहीस, कारण ते बिघाडासारखं दिसत नाही. तू गिटार आधी ओव्हरड्राइव्हमध्ये घालतोस. फझ पहिला हवा. या दोन ट्रान्झिस्टरच्या फझचं तोंड फार उघडं असतं, त्याला गिटारचा पिकप (तारांखालची कॉइल) थेट लागतो. पिकपची कॉइल हा त्या सर्किटचा एक भागच समज. मध्ये ओव्हरड्राइव्ह आला की त्याच्या शेवटच्या बफरमधून, म्हणजे सिग्नलला जोर देणाऱ्या टप्प्यातून, जोरकस सिग्नल येतो, पिकपचा संबंध तुटतो आणि फझ करकरीत, पत्र्यासारखा वाजायला लागतो. पारख सोपी आहे. फझ एकटा, थेट गिटारला लाव आणि गिटारवरचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आण. आवाज जवळजवळ स्वच्छ व्हायला हवा, काचेच्या बांगड्यांसारखा. आता मध्ये ओव्हरड्राइव्ह चालू करून तेच कर. आवाज नुसता लहान होईल, स्वच्छ होणार नाही. म्हणून क्रम बदल. त्याने किंचाळणंही कमी होईल. तुझा ओव्हरड्राइव्ह पूर्ण फिरवला की सिग्नल सुमारे ११८ पट करतो (५०० किलोओहमचा पॉट, म्हणजे फिरवायचा रेझिस्टन्स, अधिक ५१, भागिले ४.७, अधिक एक. करून बघ). एवढं मोठं झालेलं फझच्या तोंडात ओतायचं म्हणजे शेजारून जाणाऱ्या तारेतली कुजबुजसुद्धा बोंब होते. आत येणारी आणि बाहेर जाणारी तार डब्यात शेजारी शेजारी नेऊ नकोस. आतली तरी शील्डवाली वापर आणि शील्ड एकाच टोकाला डब्याला जोड.

आता कार्निव्हलची दुपार. ही तुझ्या पत्रातली सगळ्यात चांगली गोष्ट, कारण हे दुखणं थंड मुलखातल्या पुस्तकांत एका ओळीत उरकलेलं असतं आणि आपल्याकडे मात्र ते आठ महिने छळतं.

तुझा एसी१२८ जर्मेनियमचा, आणि जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर गळका असतो. बेसला काही दिलं नाही तरी कलेक्टरपासून एमिटरपर्यंत थोडा करंट झिरपतच राहतो. आणि दर १० अंशांनी ही गळती साधारण दुप्पट होते. समज तुझा पहिला ट्रान्झिस्टर २५ अंशांना १०० मायक्रोअँपिअर गळतो. ३५ ला २००. ट्रकवर, उन्हात, काळ्या रंगाच्या डब्यात ४५ सहज होतात, म्हणजे ४००. पण पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला ३३ किलोओहमचा रेझिस्टन्स आहे. ९ व्होल्टला त्यातून पाव मिलीअँपिअरच्या थोडं वर, फार तर २७० मायक्रोअँपिअर, एवढंच मिळू शकतं. मिळकत २७० आणि गळती ४००! पहिला ट्रान्झिस्टर सगळं एकटाच गिळतो, दुसऱ्याच्या वाट्याला काही येत नाही, दुसरा बंद पडतो. पडता पडता आचके देतो, ते तू ऐकलेस. रात्री घरी डबा गार झाला, गळती उतरली, गडी उठून बसला. यात मेलं कुणीच नव्हतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक बारीकसं जुगाड कर. ९ व्होल्टची कोरी बॅटरी घे. ट्रान्झिस्टरचा एमिटर अधिकला. कलेक्टरपासून उणेकडे २.२ किलो आणि २७० ओहम असे दोन रेझिस्टन्स एकापुढे एक, म्हणजे २.४७ किलो. मीटर त्या दोघांच्या टोकांवर, डीसी व्होल्टला. बेस सध्या मोकळा. मीटर जे दाखवील ती गळती. पाव व्होल्ट दाखवला तर १०० मायक्रोअँपिअर. आता ट्रान्झिस्टरची धातूची टोपी अंगठा आणि तर्जनीत धर आणि मीटरकडे बघत राहा. आकडा चढायला लागतो, ०.२५, ०.२८, ०.३१... काही केलेलं नसतं, फक्त बोटांची ऊब. सोड, हळूहळू उतरतो. मी हे पहिल्यांदा काट्याच्या मीटरवर पाहिलं तेव्हा दुकानातलं गिऱ्हाईक ताटकळत ठेवून चार-पाच वेळा केलं होतं. जिवंत काहीतरी धरल्यासारखं वाटतं.

मग बेसपासून उणेकडे २.२ मेगओहम लाव. मीटर वर जाईल. समज १.२५ दाखवला. त्यातून गळतीचे ०.२५ वजा कर, उरला १.००. त्याला शंभराने गुण. ट्रान्झिस्टरचा खरा गेन, म्हणजे तो करंट किती पट करतो तो आकडा, १००. आकडे असे गोल यावेत म्हणूनच ते दोन रेझिस्टन्स तसे निवडलेत. डिजिटल मीटरवर ट्रान्झिस्टर खुपसायची जी भोकं असतात त्यांच्यावर जर्मेनियमसाठी विसंबू नकोस. ती गळतीलाही गेन समजतात आणि फुटक्या ट्रान्झिस्टरला पहिल्या वर्गात पास करतात. मोजण्याआधी पाच मिनिटं हात लावू नकोस, आणि डाग देऊन (सोल्डर करून) पाय तापवल्यावर लगेच तर मुळीच नको. पट्टीवर तीन पायांचं सॉकेट बसव, ट्रान्झिस्टर त्यात खोच. डाग द्यायचाच झाला तर पायाला लांब नाकाची पक्कड धरून दे, उष्णता तिच्यात जाते.

पहिल्या जागी ७०-८० गेनचा आणि ५० मायक्रोअँपिअरपेक्षा कमी गळणारा. दुसऱ्या जागी १०० ते १३० चा, तिथे थोडी गळती खपते. आजोबांच्या रेडिओत असे दोन मिळणं म्हणजे लॉटरी. रेडिओतल्या आउटपुटच्या जोडीला गळतीशी फारसं देणंघेणं नसे. जुन्या रेडिओत बेलचे, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जर्मेनियम भेटतात. मी सगळे एका ओळीत मांडून वरच्या पद्धतीने मोजतो, दहातले दोन-तीन फझच्या कामाचे निघतात. बाकीचे फेकू नकोस. बेस आणि कलेक्टर वापरून त्यांचा जर्मेनियम डायोड म्हणून उपयोग होतो, ओव्हरड्राइव्हमध्ये घालून बघ.

उन्हात वाजवायचं हे ठरलेलंच असेल तर मी काय करीन? पहिल्या जागी सिलिकॉन घालीन. पीएनपी हवा म्हणून बीसी५५७, आणि त्यातला ‘ए’ गटाचा, कमी गेनचा. दुसरा एसी१२८ तसाच. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू देत, त्यांना ट्रकवर चढायचं नसतं. सिलिकॉनची गळती नगण्य, त्यामुळे वर सांगितलेलं दुखणं मुळातूनच जातं. मात्र सिलिकॉनच्या बेसला ०.६५ व्होल्टच्या आसपास लागतात, जर्मेनियमला ०.२ च्या घरात. म्हणून दुसऱ्याचा करंट वाढतो आणि त्याचा कलेक्टर जागचा हलतो. तिथला ८.२ किलोचा रेझिस्टन्स काढून ३.९ किलो आणि १० किलोचा ट्रिमर (पेचकसाने फिरवायचा छोटा पॉट) असं लाव. दुसऱ्याच्या कलेक्टर आणि एमिटरकडच्या अधिक तारेमध्ये साडेचार व्होल्ट येईतो फिरव. मग मीटर बाजूला ठेव आणि कानाने दोन्हीकडे थोडं थोडं फिरवून बघ. माझ्या कानाला पाच बरे वाटतात, सूर विरताना फाटत नाही. सिलिकॉनचा आणखी एक त्रास म्हणजे तो रेडिओ पकडतो. एकदा मी संध्याकाळी फझ तपासत होतो आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून स्वच्छ मराठीत बातम्या सुरू झाल्या. बायको आतून म्हणाली, आवाज जरा मोठा करा. बीसी५५७ च्या बेस आणि कलेक्टरमध्ये १०० पिकोफॅरडचा छोटा कंडेन्सर लावला की बातम्या बंद.

तुझ्या ओव्हरड्राइव्हमधल्या दोन्ही दुरुस्त्या मला पसंत आहेत. ०.०४७ आणि ४.७ किलो मिळून ७२० हर्ट्‌झच्या खाली गेन उतरायला लागतो. तू ०.१ घातल्यावर तो आकडा ३४० वर आला. म्हणून तुझी खालची, जाड मि तार आता भरदार वाजत असेल. बास गिटारवाला तक्रार करत नसेल तर राहू दे, करत असेल तर ०.०६८. डायोड एक-दोन असे विषम लावल्याने लाटेची वरची आणि खालची बाजू वेगवेगळ्या उंचीवर कापली जाते आणि आवाजाला थोडी खरखरीत गोडी येते. ही युक्ती १९८१ च्या एका पिवळ्या जपानी पेडलमुळे सगळ्यांना माहीत झाली. दोन डायोडांच्या जागी एक लाल एलईडी घालून बघ, आवाज मोठा होईल आणि कापणी उशिरा सुरू होईल. डायोड आणि कंडेन्सर बदलले की शेजारच्यालाही फरक कळतो. आयसी बदलून जो फरक पडतो तो बहुतेकदा फक्त पैसे देणाऱ्याला ऐकू येतो. तरी आयसीखाली सॉकेट बसव, मित्रांची हौस फिटेल.

या सगळ्या फझ प्रकाराची मला गंमत वाटते. १९६०-६१ च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलला एका रेकॉर्डिंगमध्ये मिक्सरचं एक चॅनेल बिघडलं आणि ग्रेडी मार्टिनचं वाजवणं गुरगुरत बाहेर पडलं. तिथल्या इंजिनिअरने, ग्लेन स्नॉडीने, तो बिघाड दुरुस्त करायच्या ऐवजी त्याचं यंत्र बनवलं, आणि १९६२ मध्ये ते मॅस्ट्रो फझ-टोन या नावाने विकायला आलं. तुझं दोन ट्रान्झिस्टरवालं सर्किट लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये बाजारात आणलं, माइकच्या स्टँडच्या बुडासारख्या गोल डब्यात. आम्ही जन्मभर गिऱ्हाइकाच्या रेडिओतून जो आवाज काढून टाकायचे पैसे घेतले, तो आवाज घालून द्यायचे पैसे लोक घेत होते. हे तेव्हा कळलं असतं तर दुकानाची पाटी बदलली असती.

डब्याचं एक सांगून संपवतो. काळा रंग खरवड, निदान पांढरा तरी दे. चोडणच्या दमट हवेत पावसाळ्याआधी पट्टीच्या तांब्याच्या बाजूला डाग दिल्यावर रोझीन स्पिरिटने पुसून वार्निशचा पातळ हात फिरव, नाहीतर भाद्रपदात हिरवी बुरशी दिसेल आणि मला चवथीच्या गडबडीत पुन्हा पत्र येईल. आणि तो १० किलोचा ट्रिमर आत लपवू नकोस. त्याच्या जागी पॉट घालून वर सात मिलिमीटरचं भोक पाडून बाहेर काढ. माझ्या स्वतःच्या डब्यावर अशी तिसरी खुंटी आहे, तिच्याखाली परमनंट मार्करने ‘ऊन’ असं लिहिलंय. दुपारी उजवीकडे, दिवे लागल्यावर डावीकडे.

प्रश्न : माझा बारावीतला मुलगा गिटारची पेडलं बनवायच्या नादाला लागला आहे. अभ्यासाच्या टेबलावर रात्री उशिरापर्यंत डाग देत बसतो. खोलीभर धूर आणि उग्र वास. शिसं असतं म्हणे त्यात. थांबवावं का?
(एक आई, कुर्टी-फोंडा)

उत्तर : ताई, थांबवू नका, टेबल हलवा. ६०-४० च्या सोल्डरमध्ये ४० टक्के शिसं असतं हे खरं, पण डाग देण्याच्या उष्णतेला शिशाची वाफ होत नाही. तो धूर रोझीनचा, म्हणजे राळेचा. तो छातीला त्रास देतो, दमा असेल तर जास्तच. खिडकीशी बसायला सांगा आणि टेबलफॅन असा ठेवा की धूर तोंडाकडे न येता खिडकीबाहेर जाईल. शिसं जातं ते हातांवाटे पोटात. म्हणून त्या टेबलावर चहा-बिस्किटं नकोत, सोल्डरची तार दातात धरायची नाही (मी धरत असे, तुम्ही त्याला सांगू नका), आणि उठल्यावर हात साबणाने धुवायचे. टेबल पुसायचं ते ओल्या फडक्याने, झाडूने नव्हे. नळजोडणीची अ‍ॅसिडवाली पेस्ट तो वापरत असेल तर मात्र ती आजच काढून घ्या. तिने तांब्याच्या रेषा सहा महिन्यांत खाल्ल्या जातात आणि मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. अभ्यासाचं तुमचं तुम्ही बघा, त्यात मी पडत नाही. मला बारावीला किती मिळाले हे विचारू नये.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात यंदा एका मुलाने इलेक्ट्रिक गिटार आणली आहे. देवळाच्या मंडपात अ‍ॅम्प्लिफायर लावला की घूं असा आवाज येतो. त्याने तारांना हात लावला की थांबतो. गाताना माइकला ओठ लागले की त्याला मुंग्या येतात. कुणीतरी सांगितलं की अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन काढून टाका, आवाज जाईल. काढू का?
(मंडळाचे चिटणीस, पेडणे तालुका)

उत्तर : काढू नका. तुम्ही दोन गोष्टी एका वाक्यात लिहिल्यात आणि त्यातली दुसरी जिवावरची आहे.

घूं हा ५० हर्ट्‌झचा आवाज. हात लावल्यावर थांबतो, कारण मुलाचं अंग अँटेनासारखं वागत होतं आणि तारांमधून ते अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्याला जोडलं गेलं. गिटारच्या पोकळीला आतून तांब्याची पट्टी चिकटवून ती डब्याच्या तारेला जोडली की बराचसा जातो. राहिलाच तर ट्यूबलाइटपासून दोन पावलं लांब उभं राहायचं.

मुंग्यांचं मात्र वेगळं. माइक एका यंत्राला, गिटार दुसऱ्या यंत्राला, आणि दोघांपैकी एकाचं तरी अर्थिंग तुटलेलं आहे. मुलाचे ओठ आणि बोटं यांच्यामधून ते जोडलं जातंय. आज मुंग्या, उद्या पावसात ओल्या पायांनी उभा असेल तेव्हा झटका. मंडपातला बोर्ड दोन पिनांचा असेल किंवा तिसऱ्या भोकामागे तारच नसेल, असं मी पैजेवर सांगतो. अर्थचा खड्डा असेल तर तोही बघा. आपला जांभा उन्हाळ्यात खडखडीत सुकतो आणि सुकलेल्या जांभ्यात रोवलेला पाइप म्हणजे नुसती खुंटी. मीठ-कोळसा भरून खड्ड्यात पाणी घालायची जुनी पद्धत त्यासाठीच होती. परवानाधारक वायरमन बोलावून अर्थिंग मीटरने मोजून घ्या, आणि मंडपाच्या बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लगेच तोडणारा स्विच) बसवून घ्या. गिटार आणि माइक दोन्हींची यंत्रं एकाच बोर्डावरून चालवा, एक मंडपातून आणि दुसरं पुजाऱ्यांच्या घरातून असं नको. हे होईतो आरतीला मुलाने पेटीच्या मागे बसून टाळ वाजवावेत. गिटार त्याच्या खोळीतच राहू दे.